शिक्षण-सल्ला : दोन एकर विकून परदेशी पदवी?

प्रश्न : मी औसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून घरची साडेपाच एकर शेती आहे. मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला आणि सीईटीत त्याला चांगले पर्सेंटाइल मिळाले. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याला संगणक अथवा माहिती तंत्रज्ञान शाखा मिळेल, असे त्याचे शिक्षक म्हणतात. दुसरीकडे, लातूरच्या एका परदेशी शिक्षण सल्लागाराने जर्मनीतील एका खासगी संस्थेचा तीन वर्षांचा, इंग्रजी माध्यमातील संगणक पदवी अभ्यासक्रम सुचवला आहे. फी वर्षाला सुमारे ११,००० युरो आहे. राहण्याचा खर्च अर्धवेळ कामातून निघतो, त्यामुळे एकूण ३५ लाखांत काम होईल, असे ते सांगतात. माझ्या नोकरीची नऊ वर्षे उरली आहेत. दोन एकर विकावी, की पूर्ण रकमेचे कर्ज काढावे, असा घरात वाद आहे. आपण काय सुचवाल?
— एक पालक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : जमीन विकू नये, एवढे मोठे कर्जही काढू नये आणि पदवीसाठी मुलाला इथेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशाचा विचार चार वर्षांनी, पदव्युत्तर शिक्षणासाठी, शक्यतो त्याने एक-दोन वर्षे नोकरी केल्यानंतर करावा. आपल्या घरातला वाद पैसे कसे उभे करावेत यावर चालला आहे. पण ते आत्ता उभे करावेत का, यावर आधी बोलणे झालेले दिसत नाही.

जर्मनीत शिक्षण मोफत असते, हे आपण ऐकले असेलच. ते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु सार्वजनिक विद्यापीठांपुरते. तेथेही अपवाद आहेत : बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले. बाकी बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत विद्यार्थी सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी भरतो. मग आपल्याला वर्षाला ११,००० युरो का सांगितले जात आहेत? संस्था खासगी आहे, म्हणून. खासगी संस्थांपैकी अनेक संस्था विद्यार्थी मिळवून देणाऱ्याला कमिशन देतात. सार्वजनिक विद्यापीठांना त्याची गरज पडत नाही, कारण त्यांच्याकडे अर्जांचा ढीग असतो. सल्लागार 'मोफत मार्गदर्शन' देत असेल, तर त्याच्या कार्यालयाचे भाडे कोण भरते, हे त्याला समोर बसून विचारण्यात संकोच करू नये. खासगी संस्था म्हणजे फसवणूक, असे मी म्हणत नाही. जर्मन सरकारची मान्यता असलेल्या अनेक खासगी संस्था आहेत, आणि ती मान्यता 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात कोणालाही घरबसल्या पाहता येते. मात्र तेथील सार्वजनिक विद्यापीठाच्या नावलौकिकावर खासगी संस्थेची जागा विकली जात असेल, तर ग्राहकाने सावध असावे.

सार्वजनिक विद्यापीठाचा पर्याय सल्लागाराने का सुचवला नाही, याचे आणखी एक, अधिक प्रामाणिक कारणही असू शकते. आपल्या राज्य मंडळाच्या केवळ बारावीवर तेथील पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. तांत्रिक विषयांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे लागते किंवा भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे निदान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे लागते. शिवाय पदवी स्तरावरचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेतून चालतात. इंग्रजी अभ्यासक्रमांची खरी गर्दी पदव्युत्तर स्तरावर आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली कागदपत्रे पडताळून घेऊन एपीएस प्रमाणपत्र मिळवणेही बंधनकारक आहे. म्हणजे आपला मुलगा नांदेडला किंवा संभाजीनगरला एक वर्ष नीट शिकला, तर जर्मनीच्या कमी खर्चाच्या वाटेपासून तो दूर जात नाही. उलट तिच्या जवळ जातो.

आता ३५ लाखांच्या हिशेबाकडे येऊ. तीन वर्षांची फी ३३,००० युरो होते आणि युरो १०० रुपयांच्या आसपास धरला, तर तिचेच ३३ लाख होतात. जर्मन व्हिसासाठी राहण्याखाण्याच्या खर्चापोटी एका वर्षाचे ११,९०४ युरो बंद ('ब्लॉक्ड') खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात; त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हे सुमारे १२ लाख रुपये निघण्यापूर्वीच हातात हवेत. तीन वर्षांचा राहण्याचा खर्च याच दराने धरला, तर एकूण आकडा ७० लाखांजवळ जातो. सल्लागाराने त्यातील निम्मा भाग मुलाच्या अर्धवेळ कामावर सोडून दिला आहे. विद्यार्थ्याला तेथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची परवानगी आहे, आणि सगळे दिवस काम मिळाले तर राहण्याचा खर्च कागदावर निघूही शकतो. परंतु जर्मन न येणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला गोदामात, उपाहारगृहात किंवा घरपोच सामान पोहोचवण्याचे काम मिळते. ते कोणत्या महिन्यात मिळेल आणि कोणत्या महिन्यात सुटेल, हे त्याच्या हातात नसते. परीक्षेच्या आठवड्यात रात्रपाळी आली, तर तो काय सोडील? अर्धवेळ काम अवश्य करावे, पण कर्जाचा आकडा ठरवताना त्याची एक दमडीही जमेस धरू नये.

कर्जाच्या बाबतीत आपल्या भागातील पालकांना एक गोष्ट फार उशिरा कळते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा मालमत्तेचे तारण लागत नाही; त्यापुढे लागते, आणि तेथे शेतजमीन चालत नाही. कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे बँकेला शहरातले घर, एनए झालेला प्लॉट किंवा मुदतठेव हवी असते. सातबारा कितीही स्वच्छ असला आणि जमीन मांजरेच्या काठची असली, तरी शाखाधिकारी नकारार्थी मान हलवतो. मग कुटुंब दोनपैकी एक वाट धरते : जमीन विकते किंवा बिगरबँक वित्तीय कंपनीकडून चढ्या व्याजाचे विनातारण कर्ज घेते. जगातील निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका विनातारण मोठी कर्जे देतात. आपण ज्या संस्थेचा विचार करत आहात, ती अशा यादीत आहे का, हे बँकेत जाऊन विचारावे. बँक त्या पदवीवर विनातारण पैसे लावायला तयार नसेल, तर शेतकऱ्याने दोन एकर तरी का लावावी?

समजा, कर्ज मिळाले. ३५ लाखांवर साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४७,००० रुपये येतो. शिक्षण चालू असतानाचे व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिळते आणि हप्ता आणखी वाढतो. मुलगा जर्मनीत नोकरीला लागला, तर हा हप्ता तो फेडू शकेल; पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी तेथे १८ महिने राहता येते, ही त्या देशाची जमेची बाजू आहे. पण त्याला परत यावे लागले तर? पुण्याच्या मोठ्या सेवा कंपन्या नवख्या अभियंत्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, म्हणजे हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या जवळपास. हप्ता पगाराच्या जवळजवळ दुप्पट. तीन वर्षांचे शिक्षण आणि हप्ते सुरू होण्यापूर्वीची वर्षाची सवलत गेल्यावर आपल्या नोकरीची पाचच वर्षे उरतील, आणि सहकर्जदार म्हणून सही आपली असेल. आपण नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आला असाल, तर निवृत्तिवेतनाचा हिशेबही जुन्या शिक्षकांसारखा नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. घरात मुलीचे शिक्षण राहिले असेल, तर तेही या गणितात येते. पत्रात तिचा उल्लेख नाही, पण सातबाऱ्यावर तिचा हक्क आहे.

आता इथल्या महाविद्यालयांविषयी. आपण कळवलेल्या दोन्ही संस्था जुन्या आहेत : संभाजीनगरचे महाविद्यालय १९६० चे, नांदेडची संस्था १९८१ ची. त्यांची फी खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत कमी आहे आणि ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क परत मिळते. आपल्या पगारावर ती मर्यादा ओलांडली जाते का, ते तपासावे. संगणक पदवीचा गाभा म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि गणित. हे विषय देश बदलल्याने बदलत नाहीत. शिकवणाऱ्यात मात्र फरक पडतो, हे मान्य केले पाहिजे. मराठवाड्यातील महाविद्यालयांत रिक्त पदे आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दरवर्षी बदलतात, प्रयोगशाळेच्या वहीत उतरवलेला प्रोग्रॅम परीक्षेत जसाच्या तसा लिहिला तरी गुण मिळतात, आणि मोठ्या कंपन्या कॅम्पस भरतीसाठी नांदेडपेक्षा पुण्याला जाणे पसंत करतात. हे मी लपवणार नाही.

यावर उपाय आहेत, परंतु ते मुलाने स्वतः करायचे आहेत. महाविद्यालय ते करून घेईल, अशी अपेक्षा धरू नये. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची पूर्ण व्याख्याने विनामूल्य आहेत आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला प्रत्येक विषयामागे साधारण हजार रुपये लागतात. ज्या विषयाला वर्गात चांगला शिक्षक नाही, तो विषय तेथून करावा. दुसऱ्या वर्षापासून स्वतः लिहिलेला कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर असावा : कॉपी केलेला 'लायब्ररी मॅनेजमेंट'चा प्रकल्प नको, तर एखादी खरी अडचण सोडवणारे काहीतरी. बाजार समितीच्या आवक-भावाची नोंद ठेवणारे लहानसे अॅप्लिकेशन असो किंवा आपल्याच शाळेच्या शालेय पोषण आहाराच्या नोंदींचे असो. मुलाखत घेणारा त्यावर अर्धा तास बोलू शकतो. शेवटच्या सत्रात पूर्णवेळ इंटर्नशिपची मुभा अनेक अभ्यासक्रमांत आता आहे. ती पुण्यात किंवा बंगळुरूला करावी. कॅम्पसमध्ये येणाऱ्या बहुतेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के आणि एकही विषय बाकी नसल्याची अट घालतात, तेव्हा पहिल्या वर्षाच्या गणितात अडकलेला विषय चौथ्या वर्षी महागात पडतो. मुलगा पहिल्यांदाच घराबाहेर पडत असेल, तर हा विषय नांदेडलाही अडकू शकतो. पण लातूरहून नांदेडला आपण दुपारच्या एसटीने पोहोचता.

जमीन न विकता पैसा उपलब्ध आहे, मुलाने जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण केली आहे, त्याने जर्मन भाषेचा बी-वन किंवा त्यापुढचा टप्पा गाठला आहे आणि प्रवेश सार्वजनिक विद्यापीठात मिळत आहे, असे असते, तर मी पदवीसाठीही जाऊ द्या म्हणालो असतो. आपल्या पत्रात यातली एकही गोष्ट नाही. आणि अमेरिकेचा विचार कोणी सुचवलाच, तर तेथील चार वर्षांच्या पदवीचा खर्च बहुतेक ठिकाणी एक कोटीच्या पुढे जातो, एवढे सांगून तो विषय मिटवावा.

प्रश्न : मी परभणीच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला परदेशात एम.एस. करायचे आहे. घरचे म्हणतात, इथेच एम.सी.ए. कर. एक मैत्रीण म्हणते, तीन वर्षांची पदवी परदेशात चालत नाही. तसे असेल तर मी काय करावे? आमचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत आहे आणि आम्ही इतर मागास वर्गात मोडतो.
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे अमेरिकेपुरते बरेचसे बरोबर आहे. तेथील बहुतेक विद्यापीठांना शाळा-महाविद्यालयाची मिळून सोळा वर्षे हवी असतात आणि बारावीनंतरच्या तीन वर्षांनी पंधराच होतात. काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, पण तुमची निवड आकुंचित होते. ब्रिटन आणि आयर्लंड येथे ही अडचण साधारणपणे येत नाही, कारण ब्रिटनची स्वतःची पदवीच तीन वर्षांची असते. जर्मनीत वर्षांपेक्षा विषयांचे क्रेडिट मोजतात, बी.एस्सी.ला गणित आणि सैद्धांतिक संगणकशास्त्र किती होते, यावर अर्ज तरतो किंवा बुडतो.

सोळावे वर्ष दोन प्रकारे मिळवता येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे, ऑनर्सचे वर्ष तुमच्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात उपलब्ध असेल तर ते करावे. नाही तर दोन वर्षांचे एम.सी.ए. करावे. तुमच्या बाबतीत मी एम.सी.ए.च्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण पैसा आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. म्हणून एम.सी.ए.ची सीईटी देऊन कॅपमधूनच, म्हणजे या केंद्रीय प्रक्रियेतूनच, प्रवेश घ्यावा. 'संस्थास्तरावर जागा आहे, लगेच घ्या' असा फोन आला, तर तो घेऊ नये. त्या जागेवर ही सवलत हातची जाण्याची भीती असते. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च मात्र राहतोच.

एम.सी.ए. झाल्यावर दोन वर्षे पुण्यात नोकरी करावी, असा माझा आग्रह आहे. घरी लग्नाचा विषय निघेल, तो तुम्ही पत्रात लिहिलेला नसला तरी मला ऐकू येतो. स्वतःचा पगार असलेल्या मुलीला त्यावर बोलायला जागा मिळते. शिवाय राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या बहुतांशी पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, इतर मागास वर्गासाठी बहुजन कल्याण विभागाची योजना, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची, अशा त्या वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. जागा थोड्या असतात आणि विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते. तेव्हा शिष्यवृत्ती हवी असेल तर आधी तशा विद्यापीठाचा प्रवेश मिळवावा लागतो, आणि तो मिळण्यासाठी परभणीच्या बी.एस्सी.वर एम.सी.ए. आणि अनुभव यांची जोड मोठी ठरते.

देशांच्या नियमांवर भिस्त ठेवून घरादाराची योजना आखू नये, हेही सांगतो. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनडियन डॉलरवर नेली. पुढे ती आणखी वाढली. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे राहता येत असे, ती मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिने होत आहे. अमेरिकेत शिक्षणानंतर संगणक विषयाच्या विद्यार्थ्याला १२ अधिक २४ असे ३६ महिने काम करता येते, पण पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागा आणि त्यावर सोडत. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. ज्या वर्षी अर्ज कराल, त्या वर्षीचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचावा.

एक काम मात्र आत्ताच सुरू करा, ते म्हणजे कागदपत्रांचे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि कधी आईचेही असते. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर दुसरे, हेही नित्याचेच आहे. अशा फरकामुळे परदेशी विद्यापीठाकडून आणि व्हिसा कार्यालयाकडून प्रश्न येतात आणि त्या वेळी दुरुस्तीला महिने जातात. पासपोर्ट काढताना दहावीच्या प्रमाणपत्रावरील स्पेलिंग प्रमाण धरावे आणि विद्यापीठाच्या कागदांत चूक असेल तर शिकत असतानाच अर्ज देऊन ती सुधारून घ्यावी. प्रत्येक सत्राच्या ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन सीलबंद संच पदवी हाती पडताच मागवून ठेवावेत. नांदेडच्या विद्यापीठात त्यासाठी एक फेरी घालावी लागली, तर ती पदवीदान समारंभाच्या गर्दीत घालू नये.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील खेड्यातून, मराठी माध्यमातून शिकलो. आता कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिप्लोमावर परदेशात जाता येईल का? इंग्रजी कच्चे आहे. आयईएलटीएसचा क्लास आत्ताच लावावा का?
— एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : दोन्हींचे उत्तर 'आत्ता नाही' असे आहे. डिप्लोमाला परदेशात पदवी मानत नाहीत. तुम्ही थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा. दहावीनंतर तीन वर्षे डिप्लोमा आणि तीन वर्षे पदवी मिळून सोळा वर्षे पूर्ण होतात, म्हणजे वरच्या विद्यार्थिनीची अडचण तुम्हाला येणारच नाही. थेट द्वितीय वर्षाला येणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा गणितात अडते, म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स पक्के करून ठेवा.

आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो आणि परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर आहे. आज परीक्षा दिली, तर पदवी मिळेपर्यंत निकालाची मुदत संपलेली असेल. क्लासही आत्ता लावू नका. तो परीक्षेची पद्धत शिकवतो, भाषा शिकवत नाही. परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार गोष्टी तपासतात. त्यांपैकी वाचण्याची तयारी अभ्यासातूनच होईल : मराठीतील नोट्सवर न थांबता मूळ इंग्रजी पाठ्यपुस्तक आणि सॉफ्टवेअरचे दस्तऐवज वाचायला लागा, पहिले दोन महिने पान पुढे सरकणार नाही, तरी सोडू नका. ऐकण्यासाठी एनपीटीईएलची व्याख्याने चालतील. लिहिण्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमसोबत तो काय करतो, हे पाच-सहा इंग्रजी वाक्यांत स्वतः लिहा आणि एखाद्या शिक्षकाला दाखवा. बोलणे सर्वांत शेवटी येईल, आणि त्यासाठी वर्गातील सेमिनार टाळायचे नाहीत, एवढे पथ्य सध्या पुरेसे आहे. क्लास लावायचाच असेल, तर तो पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतर, अर्ज करण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत लावा.